अल्लीपूरचं पायाळू बाळ

माय, तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी अल्लीपूरच्या त्या दुपारचं तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. तू मिशनच्या दवाखान्यात नर्स, आणि मी तेच शिक्षण घेऊन नुकतीच घरी आलेली. पण बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवत नव्हते. शिकताना एक पायाळू बाळ माझ्या हातात दगावलं होतं. पाय बाहेर, डोकं अडकलेलं, आणि मी घाबरून ओढलं. तुला एवढंच सांगितलं, की मला हे काम नको. तू रागावली नाहीस. रोजच्या प्रार्थनेत माझं नाव मात्र जरा मोठ्यानं घ्यायचीस.

मग तू विहिरीवर घसरलीस, उजवा हात मोडला, आणि चौथ्याच दिवशी अल्लीपूरहून बैलबंडी आली. "पहिलटकरीण हाय बाई, सकाळपासून अडली," गाडीवान म्हणाला. झोळीतला हात सांभाळत तू बंडीत चढलीस नि मला म्हणालीस, "पिशवी घे." दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया वेचताहेत, आणि मी पिशवी छातीशी धरून बसले आहे. तिथं पोचल्यावर तू डाव्या हातानं तपासून बाहेर येतेस. "पायाळू हाय." मी दारातच थिजते.

"माह्यानं नाई होणार, माय. मले भेव वाटते."

"मलेही वाटते. भेव जायची वाट पाहू तर ते लेकरू थांबन काय? देव आपल्या अगुदर आत गेला हाय. तू त्याच्या मांगून ये."

पहिलटकरणीची सासू कुरकुरली, "हे पोरगी करन?"

"पोरगी नाई, नर्स हाय," तू म्हणालीस, आणि माझी मान वर झाली.

आत तू माझ्या कानाशी बसलीस. "ओढू नोको. हात खाली ठेव. वाट पाह्य." हात सोडून थांबण्याइतकं अवघड मी आयुष्यात काही केलं नाही. पण थांबले. पाय आले, कंबर आली, खांदे आले. मग तू सांगितलंस तसं अलगद वर उचललं, आणि डोकं सुटलं. मुलगी होती. निळी, गप्प. मी पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि ती अशी रडली की बाहेर बैलही दचकले असतील. सासूनं माझ्या तोंडात गूळ कोंबला. तू भिंतीला टेकून हसत होतीस, डोळे पुसायला एक हात पुरेना.

परतताना तू चर्चमधली गीतं म्हणालीस, सगळी बेसूर, आणि गाडीवान मान डोलवत होता. त्यानंतर किती बाळं हाती घेतली, ठाऊक नाही. भीती प्रत्येक दारात भेटली. मी तिच्यासकट आत गेले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? घडी करून बायबलात ठेवते. एक कबूल करायचंय. परतताना बंडीत तू विचारलंस, "आत प्रार्थना केली ना?" मी म्हणाले, "हो, पूर्ण केली." खरं तर प्रार्थनेचा एकही शब्द आठवला नव्हता. मी नुसती "प्रभू, प्रभू" करत होते, आणि मधूनच "माय, माय."