ताईसाठी बावीस मिनिटं

२ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरचा पंखा बदलला. खरा खर्च इथे लिहून ठेवतो, कारण पावतीवर नुसती पंख्याची किंमत आहे आणि ती दोन चहांएवढी आहे. बाकीचा असा: दुकान अर्धा दिवस बंद. डाव्या अंगठ्याचं नख. हिची बारीक कात्री (स्क्रू निघत नव्हता). कात्रीवरून दोन दिवसांचा अबोला, त्यातला एक अजून बाकी. एवढं करून खडखड पंख्याची नव्हतीच. मागच्या जाळीत जुन्या बिलाचा तुकडा अडकला होता. तरी बदलला ते बरं झालं. कधीतरी बदलावाच लागला असता.

आणि खडखड ऐकू कुणाला आली? मला. मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यात एकतीस वर्षं झाली. बेअरिंग जाणार हे बेअरिंगच्या आधी मला कळतं. मी जो काही आहे तो स्वतःच्या कानांवर आणि हातांवर. (चौथीत दोनदा बसलो तेव्हा ताईनं घरी बसवून लिहायला-वाचायला शिकवलं, ते वेगळं.)

हा सगळा खटाटोप ताईसाठीच. अठ्ठावीस तारखेला ती शाळेतून रिटायर होते. भेटवस्तू नको, हारतुरे नकोत, माझा भाऊ फिल्म करतोय तेवढी दाखवा, असं तिनं मुख्याध्यापकांना सांगून टाकलं आहे. शाळेनं हॉल घेतलाय. बावीस मिनिटांची फिल्म. फोटो, जुन्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ, पाठीमागे संगीत, अक्षरं उडत येणार.

मेहुणा म्हणाला, दाजी, फोटो मला द्या, लॅपटॉपवर एका रविवारात करून देतो. मी म्हटलं, ज्याची बहीण त्यानंच करावी. तर म्हणतो, मग माझी बहीण तुमच्याकडे आहे, तिची कधी करायला येऊ? ही स्वयंपाकघरातून हसली. अबोला चालू असताना हसली, याची नोंद.

निश्चय: यापुढे एकही वस्तू विकत आणायची नाही. नऊ वर्षांच्या कॉम्प्युटरमध्ये काही कमी नसतं.

४ मार्च, बुधवार. सकाळ

फोटो ४१२. सगळे एका दमात आत टाकले. पडदा पांढरा. मधोमध एक गोल फिरतोय. वर लिहून आलं, प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. घरात अशी आता दोन झाली.

संध्याकाळ

गोल फिरतोच आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतःच्या बहिणीची फिल्म कधी केलेली दिसत नाही.

७ मार्च, शनिवार

रॅम आणली. निश्चय मोडलेला नाही. रॅम ही वस्तू नव्हे, दुरुस्ती आहे.

कॉम्प्युटरच्या दुकानातला चष्मेवाला भलताच चौकस. विचारतो, कुठली रॅम? मी म्हटलं, चांगली. म्हणतो, काका, तुमचं मॉडेल कुठलं? मी म्हटलं, काळं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. गिऱ्हाइकासमोर असं करू नये.

घरी आल्यावर रॅम खोबणीत बसेना. बेअरिंग बसत नसेल तर वर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकतात. ठोकली.

परत नेली. चष्मेवाल्यानं ती दिव्याखाली धरली आणि म्हणाला, ही खाच बघा, प्रत्येक जातीची वेगळ्या जागी असते, चुकीची रॅम बसूच नये म्हणून मुद्दाम ठेवतात. म्हणजे अडवणूक मुद्दाम आहे, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. ठोकलेली परत घेत नाहीत. दुसरी घ्यावी लागली.

८ मार्च, रविवार

तीनदा पीं, पीं, पीं. पडदा काळा. रॅम काढली, तिचे पिवळे दात खोडरबरनं घासले, फुंकर मारली, परत लावली. चालू! खोडरबरची युक्ती पूर्णपणे माझी. मेहुण्यानं फोनवर हेच सांगितलं, पण त्याचं वाक्य संपलं तेव्हा खोडरबर माझ्या हातात होतं.

११ मार्च, बुधवार

सहा मिनिटांची फिल्म तयार. उत्तम. पण पहिल्यापासून चालवून बघितली की सहाव्या मिनिटाला अडकते. आमच्या जुन्या घराच्या पायरीवरचा फोटो आहे. ताई अठरा वर्षांची, मी नऊ. माझ्या मांडीवर पाटी आणि माझं लक्ष कॅमेऱ्याकडे. तो आला की चित्र गोठतं आणि संगीत एकटंच पुढे जातं.

चष्मेवाला म्हणतो, ग्राफिक्स कार्ड टाका, चित्राचं सगळं ओझं ते उचलेल. हेच मेहुणा आठवड्यापूर्वी म्हणाला होता, म्हणून तेव्हा ते चूक होतं. आज नीट विचार केल्यावर लक्षात आलं की कल्पना मुळात माझीच.

१४ मार्च, शनिवार

कार्ड बसवलं! चष्मेवाला म्हणत होता, माणूस पाठवतो, वेगळे पैसे नाहीत. मी म्हटलं, माझ्या घरात स्क्रू मी फिरवतो. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. मागच्या सगळ्या वायरी काढल्या, आणि प्रत्येक वायर जिथून काढली होती बरोब्बर तिथेच परत लावली. एकही चुकली नाही. चष्मेवाल्याच्या माणसाला हे जमलं नसतं.

कार्डाबरोबर एक पुस्तिका आली, अकरा भाषांतली. एकीतही वाचली नाही. ज्यांच्या हातात काही नसतं त्यांच्यासाठी पुस्तिका असतात. टेबलाचा मागचा पाय डुगडुगत होता, त्याखाली सारली. पुस्तिकेचं सार्थक झालं.

चालू केलं आणि काय सांगू! रंग बघून डोळे निवले. ताईची जांभळी साडी काल नुसती जांभळी होती, आज खरी जांभळी आहे. कान लावून ऐकलं. कार्डावर दोन पंखे आहेत, दोन्ही जागचे हललेसुद्धा नाहीत. एवढं ओझं उचलून घाम नाही. याला म्हणायचं मशीन.

हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, अहो, मला तर आधीसारखंच दिसतंय. हिचा चष्म्याचा नंबर वाढला असावा. तपासून घ्यायला सांगितलं. अबोला परत सुरू.

१७ मार्च, मंगळवार

मुद्दाम मेहुण्याला बोलावलं, रंग दाखवायला. बराच वेळ बघितलं त्यानं. मग म्हणाला, दाजी, पुस्तिका वाचली का? मी टेबल हलवून दाखवलं. हललं नाही. त्याला कळलं नाही.

मग म्हणतो, मागून जरा बघू का? आणि सरळ उकिडवा बसला. मी डबा भिंतीला सरकवला. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरच्या मागे डोकावायचं नसतं, एवढी रीत माणसाला असावी. (डबा हा शब्द त्याचा. मी पुन्हा वापरणार नाही.)

सहावं मिनिट अजून अडकतं. पण आता अडकतं तेही स्वच्छ रंगात.

२० मार्च, शुक्रवार

चष्मेवाल्याला फोनवर धरला. म्हटलं, तुझं कार्ड आळशी आहे, पंखे फिरवत नाही. तो म्हणाला, काका, काम नसेल तर फिरत नाहीत. म्हटलं, काम नाही? बहिणीची चौतीस वर्षांची नोकरी त्यात घातलीय! तो म्हणाला, पडद्याची केबल कुठे लावलीय? मी म्हटलं, केबल जिथे लावतात तिथे. तो म्हणाला, म्हणजे कुठे? या प्रश्नावर मी फोन ठेवला. एकतीस वर्षं वायरीत काढलेल्या माणसाला हा प्रश्न!

तो मिनिटभरात परत फोन करत होता. उचलला नाही. अशा लोकांना जरा ताटकळत ठेवावं.

२३ मार्च, सोमवार

फिल्म पुरी झाली. बावीस मिनिटं बरोब्बर. आता तिची एक फाइल करायची, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालेल. त्याला एक्सपोर्ट म्हणतात. बटण दाबलं. उरलेला वेळ: ३१ तास. लावला.

२४ मार्च, मंगळवार. दुपार

चौसष्ट टक्के झाले होते. आवाजात किंचित कण्हणं ऐकू आलं, माझ्याशिवाय कुणाला आलं नसतं. कॉम्प्युटर तापलाय हे ओळखलं. बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर ठेवला, आणि फॅनची पिन कॉम्प्युटरच्याच एक्स्टेन्शन बोर्डात घातली. फट्. सगळं बंद. बोर्ड मी स्वतः बनवलेला, त्यामुळे दोष फॅनचा.

ही दारात उभी होती. काही बोलली नाही. न बोलणं किती प्रकारचं असतं, हे लग्नाआधी कुणी सांगत नाही.

पुन्हा लावला. उरलेला वेळ: ३८ तास.

२६ मार्च, गुरुवार

एक्सपोर्ट पहाटे कधीतरी स्वतःहून थांबला. खाली इंग्रजीत एक ओळ, तिच्यात अकरा आकडे. कार्ड, रॅम, पंखा, चष्मेवाला, वीज कंपनी, सगळे एकमेकांना सामील आहेत.

ताईचा फोन. म्हणाली, झाली का रे? मी म्हटलं, झाल्यातच जमा. ती म्हणाली, नसेल झाली तर सांग हं, मला काही वाटणार नाही. हा आवाज मला ठाऊक आहे. कच्च्या मुलांना ती या आवाजात सांगायची, जेवढं येतंय तेवढं लिही. मी म्हटलं, ताई, पहिल्या रांगेत बस. ती म्हणाली, बरं, मग मी सगळ्यांना सांगते की झाली म्हणून.

फोन ठेवला. पाणी प्यायलो. उन्हाळा वाढतोय.

पाठोपाठ मेहुणा. दाजी, आज सगळं पेनड्राइव्हवर द्या, उद्यापर्यंत फाइल तुमच्या हातात, नाव तुमचंच. ही पुढे म्हणाली, द्या हो, तो काही खाणार नाही फोटो. मी म्हटलं, नाव माझंच असणार असेल तर हातही माझेच असू देत.

तोडगा निघाला आहे. इतका सोपा की हसू आलं. फाइल करायचीच नाही. अख्खा कॉम्प्युटर उचलून हॉलवर न्यायचा आणि फिल्म थेट प्रोग्रॅममधून दाखवायची.

२८ मार्च, शनिवार. सकाळी ७

कॉम्प्युटर रजईत गुंडाळला. घरी सहाव्या मिनिटाला अडकतो, पण तिथली वीज वेगळी, हवा वेगळी. शिवाय मशीनला चार माणसांसमोर लाज असते.

२८ मार्च. सायंकाळी ८

क्रमानं लिहितो.

कॉम्प्युटर मेहुण्यानं उचलला, माझी पाठ धरली होती म्हणून. हॉल भरलेला. ताई पहिल्या रांगेत, जांभळी साडी. पडद्यावर दिसते त्याहून साधी जांभळी.

हॉलचा प्रोजेक्टरवाला माझ्याच वयाचा, शांत माणूस. केबल घेऊन कॉम्प्युटरच्या मागे वाकला आणि म्हणाला, साहेब, तुमच्याकडे कार्ड आहे की. मी म्हटलं, आहे ना, दोन पंख्यांचं. तो म्हणाला, हो, पण त्याच्या तोंडांवर कारखान्यातली टोपणं तशीच आहेत. तुमचा पडदा खालच्या जुन्या तोंडाला लावत होता का? खुणा तिथल्याच दिसतात. मग कार्डाला काही कामच नाही, ते नुसतं बसून आहे. टोपणं काढून वर लावू? दोन मिनिटं लागतील.

मेहुणा शेजारीच होता. हसला नाही. हसला असता तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, नको, असू देत. काढली की आत धूळ जाते.

प्रोजेक्टरवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, आणि केबल खालच्या तोंडाला लावली.

पाच मिनिटं फिल्म छान चालली. टाळ्यासुद्धा पडल्या. सहाव्या मिनिटाला पायरी. ताई, मी, पाटी. गोठलं. संगीत पुढे गेलं, मग तेही थांबलं. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, हा फोटो फार वेळ ठेवलाय, काहीतरी अर्थ असेल. पाचव्या रांगेत कुणीतरी म्हणालं, अर्थ नाही, अडकलंय. माझे कान तयार आहेत, हे आज नको होतं. मी माउसची सगळी बटणं दाबली. एकदा टेबलाला लाथही मारली.

तेव्हा ताई उठली, माइक घेतला आणि म्हणाली, गडबड करू नका, बसा खाली. हॉल बसला. मुख्याध्यापकसुद्धा. म्हणाली, हा पाटीवाला माझा पहिला विद्यार्थी. हुशार होता. फक्त गणित वाचायच्या आधी उत्तर लिहून मोकळा व्हायचा. मग मी म्हणायचे, पुन्हा वाच. तर म्हणायचा, वाचायचं कशाला, उत्तर तर लिहिलंय की.

सगळा हॉल हसला. ही तर डोळे पुसत हसली. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, अरे, उभा का? फोटो राहू दे तसाच, चांगला आलाय. मग त्या एका फोटोवर ती पंचवीस मिनिटं बोलली. कुणी घड्याळ बघितलं नाही.

म्हणजे फिल्मचा परिणाम झालाच. एकाच दृश्यानं झाला, एवढंच.

निघताना ताई म्हणाली, उरलेली मला कधीतरी दाखव हं. त्याच आवाजात.

२९ मार्च, रविवार

टेबल उचलून पुस्तिका काढली. टेबल डुगडुगायला लागलं. मग कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला आणि केबल वरच्या तोंडाला लावली. मेहुण्याला फोन केला, पुढचं त्यानं सांगितलं. टोमणा मारला नाही.

कार्डाचे पंखे फिरले. बावीस मिनिटांची फिल्म बावीस मिनिटांत बघून संपली. खोलीत मी एकटाच होतो.

टोपणं तीन निघाली. पुस्तिकेतल्या पहिल्याच चित्रात तीनच दाखवली आहेत.