झाडूची काडी

ती. आईला,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

मलेरियाच्या एका गोळीमुळे डोळ्याची जखम उशिरा भरते का, हे आम्ही इथे उंदरांवर बघतोय. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर बारीक ओरखडा केलाय; तो उठून दिसावा म्हणून रोज रंगाचा थेंब टाकायचा, ओरखडा मोजायचा, वहीत लिहायचं. गोळीवाल्यांचे ओरखडे सावकाश भरताहेत. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण काल मोजता मोजता माझा हातच थांबला. ही गोळी सांधेदुखीवरही देतात, तू वर्षभर हीच घेतेयस, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

झाडूची काडी लागलेला डोळा महिना झाला तरी चुरचुरतोय, असं तू म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, "अगं, पाणी मार, होईल बरा." आणि फोन ठेवला. आता फोनवर बोलायची हिंमत होईना, म्हणून लिहितेय. गोळी मनाने बंद करू नकोस, पण पत्र मिळताच डॉक्टरांना गोळीचं आणि डोळ्याचं, दोन्ही सांग.

चाळीस उंदरांचा कोणता डोळा दुखावलाय, ते मला तोंडपाठ आहे. तुझा कोणता गं, उजवा की डावा?

तुझं डोळस म्हणवणारं
शेंडेफळ