माझ्यासारखं बोलणारं मशिन

२ जून, सकाळ
निर्णय पक्का. वेबसाइट बनवणं बंद. आजवर लोकांची बटणं उजवीकडून डावीकडे सरकवली, आता पुरे. यापुढे फक्त एआय. बायकोची बदली झाली, मुलगीही तिच्याबरोबर गेली. मी मुद्दाम मागे राहिलो. अभ्यासाला शांतता हवी. शांतता भरपूर आहे.

५ जून
कोर्सचा पहिला व्हिडिओ. गणित डोक्यावरून गेलं. पण त्यांचं वेबपेज काय गचाळ! प्ले बटण चक्क दोन पिक्सेल खाली. सविस्तर मेल लिहून कळवलं. दिवस सत्कारणी लागला.

११ जून
मेलला उत्तर नाही. गणिताशिवाय एआय करता येतं, असं माझं ठाम मत झालंय.
मुलीचा फोन. रविवारी २९ तारखेला टेबल टेनिसची फायनल आहे, येणार का म्हणाली. म्हटलं, बघतो. म्हणजे जाणारच आहे. पण लगेच हो म्हटलं की माणूस रिकामटेकडा वाटतो.

१७ जून
जबरदस्त कल्पना! माझे जुने मेसेज वाचून हुबेहूब माझ्यासारखी उत्तरं देणारा प्रोग्राम. कंपन्या रांग लावतील. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आधी ते मेनूचं बटण सरकवा.
सरकवलं. शेवटचंच.

२१ जून
प्रोग्राम चालू! जेवलास का विचारलं, तर म्हणतो हो. कधी येणार विचारलं, तर बघतो. बाकी काहीही विचारलं तरी बघतोच. जुने मेसेज तपासले, तर मी मुळातच एवढंच लिहिलेलं. डेटा अपुरा, माझा दोष नाही.
जेवताना त्याच्याशीच गप्पा. घर खायला उठतं रे, असं लिहिलं. म्हणाला, बघतो.

२८ जून, संध्याकाळ
आठवडा झाला, मायलेकींचा एक मेसेज नाही. रुसल्या असतील. बॅग भरली. उद्या पहिल्या बसने जाऊन दोघींना चकित करणार. प्रोग्रामही दाखवीन, म्हणजे मी इथे काय दिवे लावतोय ते कळेल.

२९ जून, परतीच्या बसमध्ये
हॉलला कुलूप. फायनल एक दिवस अलीकडे घेतली होती, कालच झाली. दोघींच्या घरी गेलो. पदक फ्रिजवर ठेवलेलं. बायको म्हणाली, कळवलं होतं की, तू बघतो म्हणालास. मी कुठे म्हणालो? फोन काढला. मी प्रोग्राम टेस्टिंगच्या नंबराऐवजी माझ्याच नंबराला जोडून ठेवला होता. तो मेसेज आल्याआल्या वाचून उत्तरं देत होता, त्यामुळे फोन वाजतच नव्हता, मला पत्ताच नाही. नवशिकाही अशी चूक करत नाही.
दोघींना सगळं सांगितलं. बायको पोट धरून हसली. कुणालाच शंका आली नव्हती.
आत्ताच्या आत्ता बंद करतो म्हणालो. मुलगी हसत नव्हती. म्हणाली, राहू दे ना बाबा, या आठवड्यात तुम्ही लगेच उत्तर देत होतात, छान वाटायचं.
बस सुटली आणि मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, प्रोग्राम चालला, म्हणालो.