रिसायकल बिनमध्ये ठेवलेलं

खोताची वाडी, गिरगाव
२१ नोव्हेंबर २०२४

चि. अनिमेष यास,

अनेक आशीर्वाद. पुण्याला नीट पोचलास हे कळलं. माझी तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. खुशाली संपली. आता ऐक.

माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला तुला कुणी सांगितलं होतं? मशीन हळू चालतं, एवढंच मी म्हटलं. रविवारी सी ड्राइव्हची लाल पट्टी बघून हसलास आणि मी बाजार करून परत येईपर्यंत सगळं साफ. "बाबा, एकवीस जीबी मोकळे केले. अकरा तर नुसते रिसायकल बिनमध्ये पडलेले. कचरा कोण साठवतं असा?" वर डी ड्राइव्हची उरलेली जागा काढून सीला जोडून दिलीस. शाबासकीची वाट बघत होतास. मी चहा टाकायला आत गेलो, कारण तिथे थांबलो असतो तर हात उचलला असता.

त्या अकरा जीबीत तुझ्या आईचा शेवटचा व्हिडिओ होता.

विचारता येत नव्हतं? एक फोन करायला किती वेळ लागतो? तुम्हा लोकांना मोकळी जागा दिसली की बरं वाटतं, तिथे आधी काय होतं याच्याशी देणंघेणं नाही. सोमवारी मशीन उचलून लॅमिंग्टन रोडला हितेशकडे नेलं. आपली दुरुस्ती तोच करतो. तीन दिवस खपला बिचारा. "काका, बिन खाली केली, वरून पार्टिशन पण हलवलं. आता नाय येणार," म्हणाला. मी भर दुकानात त्याच्यावर ओरडलो. त्याचा काय दोष?

तू म्हणशील, मग आईचा व्हिडिओ बिनमध्ये कशाला टाकलास? तिच्या मोबाइलमधून काढून डेस्कटॉपवर ठेवला होता तेव्हा दिवसातून दहा वेळा दिसायचा. दोनदा पूर्ण पाहिला, मग उघडवेना आणि पुसवेनाही. बिनमध्ये समोर येत नाही आणि जातही नाही, असं माझं मी ठरवलं. चौदा महिने ठीक चाललं होतं.

काय होतं त्यात? कोबी-कोलंबीचं भानोलं. तूच मागे लागला होतास, आई माप सांगत नाही, व्हिडिओ काढ म्हणून. तिने मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. "दोन मुठी बेसन. मूठ माझी हां, तुझी नाही." इथवर छान आहे. मग ती स्टूल ओढून बसते. "अहो, घाम फुटलाय मला. डॉक्टरांना फोन करा."

मी बाहेर कॉम्प्युटरवर होतो. डीची जागा सीला जोडायचं चाललं होतं, मध्ये बंद करू नका असं स्क्रीनवर लिहिलेलं. मी बसल्या जागेवरून सांगितलं, "ॲसिडिटी असेल, सोडा घे. इथे बासष्ट टक्के झालंय, आता उठलो तर सगळं जाईल."

काही गेलं नसतं. ते आपोआप चालतं. मला तेव्हाही ठाऊक होतं.

तिने चार हाका मारल्या. तिसऱ्यांदा चिडली, "आग लावा त्या कॉम्प्युटरला!" चौथ्यांदा नुसतं "अहो". पहिल्या हाकेपासून मी आत येईपर्यंत सव्वीस मिनिटं. व्हिडिओवर मोजली आहेत. सीला वीस जीबी मिळाले.

तुला, नातेवाइकांना, सगळ्यांना मी सांगितलं की सरोजिनी क्षणात गेली. तेराव्याला लोक म्हणाले, भाग्यवान, त्रास झाला नाही. मी मान हलवली.

रविवारपासून तुझ्यावर संतापलोय, अजूनही आहे. पण रिकामी बिन बघितली तेव्हा सगळ्यात आधी वाटलं, सुटलो. क्षणभरच. त्या क्षणाची मला इतकी चीड आली की जेवण जात नाही.

आता तिची ती हाक माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मी गप्प बसलो तर ती कधी मारलीच नाही असं होईल. म्हणून हाताने लिहून पाठवतोय. ओरडायचं तर ओरड, यायचं नसेल तर येऊ नकोस. पण हे तुझ्या कपाटात नीट ठेव.

सव्वीस मिनिटं खुर्चीतून न उठलेला,
तुझा बाबा