दूध उतू गेलं म्हणून

साईनगर, अमरावती
गुरुवार, दुपार

प्रिय नितेश,

दूध उतू गेलं म्हणून सीमा घर सोडून लेकीकडे गेली, असं तू तुझ्या मित्राला, रामरावभाऊजींना सांगितलंस. शेजारच्या शकुनताईंनाही तेच. काल प्राजक्ताला सांगताना तर तुला हसू आवरत नव्हतं. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता, तिचे हात मैद्याने भरले होते म्हणून. मी समोरच बसून बदाम सोलत होते. 'अर्ध्या लिटर दुधासाठी तुझी आई संसार टाकून गेली बघ,' असं म्हणालास. ऐकलं मी.

तर दुधासाठी मी गेले नाही. आणि गॅसचा रेग्युलेटर तुला सापडत नाही, कारण तो माझ्याकडे आहे. नळीसकट. निघताना नळी शेगडीवरून पकडीने ओढून काढली, सिलिंडरला टोपी लावली आणि रेग्युलेटर भाजीच्या पिशवीत घालून अकोल्याहून अमरावतीच्या एसटीत बसले. प्राजक्ताला वाटलं मी तिच्यासाठी वांगी आणली. पिशवीतून ती नारिंगी नळी बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, 'आई, तू गॅसच घेऊन आलीस का गं?' तू त्यासाठी म्हणे माळ्यावर चढलास. उतर खाली. मी कधी येणार, असं सारखं विचारतोस. येणार की नाही तेच अजून ठरलेलं नाही. ते तुझ्या एका वाक्यावर आहे. कुठलं वाक्य, ते मी शेवटी लिहीन, कारण आधी मला भांडायचं आहे. फोनवर भांडले तर तू मध्येच विनोद करशील, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर अंगठा पाठवशील. लग्नाआधी तू वाशिमच्या शाळेत मास्तर होतास आणि मी इथे, तेव्हा आपण पत्रं लिहायचो आणि एकमेकांना तू म्हणायचो. नंतर तुझ्या आईसमोर मी अहो म्हणायला लागले ते आजपर्यंत. आज रागावले आहे, म्हणून पुन्हा तू.

मिठापासून सुरुवात करते. ताट वाढलं की तू पहिला घास घेण्याआधी मिठाच्या डबीकडे हात नेतोस. वरणाला मीठ, कढीला मीठ, भरितालासुद्धा मीठ. चव घेऊन मग कमी वाटलं तर माणूस मीठ घेतो, त्याचं मला काही नाही. तू चव घेतच नाहीस. आधी मीठ, मग वर तिखटाचा ठेचा, मग घास. मी मीठ वाढवून पाहिलं, तरी डबी उघडायचीच. एकदा तर डबी लपवली, तर तू उठून स्वयंपाकघरातून खडेमीठ घेऊन आलास आणि बोटांनी चुरून घातलंस, माझ्याकडे न बघता. बाहेर मात्र तुला डबी लागत नाही. बसस्टँडजवळच्या त्या गाडीवर तर्रीत बुडवलेला आलूबोंडा खाताना तुला घाम फुटतो, नाक पुसतोस आणि म्हणतोस, 'याले म्हणतात खाणं!' मी शेजारी उभी असते. जठारपेठेत नवीन कॅफे निघाला, तिथल्या चीज सँडविचवर तू पेपरातल्या तुझ्या रविवारच्या सदरात अर्धा रकाना लिहिलास. डाळीचे गोळे वळून केलेल्या माझ्या हातच्या गोळाभाताला तुझा शेरा एकच, 'ठीक आहे.' पोरांचे पेपर तपासून कंटाळलेला मास्तर देतो तसा.

हळदीकुंकवाला शकुनताई चार बायकांसमोर म्हणाल्या होत्या, 'सीमाताई, तुमच्या मास्तरायले सारं अकोला आवडते वो, फक्त घरचं सोडून.' सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि वाण देत राहिले. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, 'बायकांचं काय मनावर घेतेस.' मी मनावर घेतलं, नितेश. पन्नाशीला आले आणि क्लास लावला स्वयंपाकाचा. तिथे कॉलेजातल्या पोरी भाजी चिरायला शिकत होत्या आणि मी त्यांच्या रांगेत वही घेऊन बसायचे. शिकवणारी बाई मला म्हणाली, 'काकू, तुम्ही काहून आल्या? तुमाले तर सारंच येते.' तिला काय सांगू? नवऱ्याला आवडत नाही म्हणून आले, असं? मसाला बदलला, तेल बदललं, गिरणी बदलली. शेवटी गोळाभात करणंच सोडलं. पाहुणे येणार म्हटलं की मी म्हणायचे, बाहेरूनच मागवू. माझ्या हाताची चव गेली, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. आरशात केस पिकलेले दिसतात तसं एक दिवस हेही दिसलं, असं समजले. आणि तू माझ्यासमोर बसून, मीठ चुरून, ते मला समजू दिलंस.

गेल्या दिवाळीच्या नानखटाया आठवतात का? प्राजक्ताच्या ऑर्डरी जास्त झाल्या म्हणून थोड्या मी आपल्याकडे अकोल्याला करून ठेवल्या होत्या. माझी चूक झाली, तूप मागच्या बरणीतलं घेतलं, ते खवट झालेलं होतं. मला सर्दी होती, कळलं नाही. तू चहाबरोबर चार खाल्ल्यास. 'चांगल्या कुरकुरीत झाल्या,' म्हणालास. कधी नव्हे ते चांगल्या म्हणालास, म्हणून मी दिवसभर खूश होते. संध्याकाळी प्राजक्ता आली, तिने एक तोंडात घातली आणि बेसिनकडे पळाली. 'आई, हे तूप काय दिव्याचं आहे का?' पूर्ण डबा आम्ही फेकला. त्या दिवशी मला तुझा जो राग आला तो मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, हा माणूस माझं खाणं इतकं बेपर्वाईने गिळतो की खवट आणि ताजं यातला फरकही त्याला बघावासा वाटत नाही. लोकांना तू बोंड्याच्या पिठात ओवा किती आहे ते सांगतोस आणि घरी खवट तूप चालतं.

मग दिवाळीनंतर, तू शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखा सदर वाचून दाखवत होतास आणि मी मेथी निवडत होते, तेव्हा मला एक शब्द आठवला. खमंग. तुझा तो लाडका शब्द. पूर्वी प्रत्येक सदरात दोनदा तरी यायचा. मी तुला चिडवायचे, की तुझ्या लेखात चटणी खमंग, थालीपीठ खमंग, हॉटेलमालकाचा स्वभावसुद्धा खमंग. तो शब्द मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. आता सगळं कुरकुरीत असतं, झणझणीत असतं, गरमागरम असतं, तोंडात विरघळणारं असतं. वास असलेलं काहीच नसतं. मी मेथी निवडता निवडता पुढचे सगळे शनिवार तेच ऐकत बसले. कढई होती, धूर होता, मिरची होती. वास नव्हता.

आणि मग मला तो दिवस आठवला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण दोघं तापात पडलो होतो आणि दोघांचाही वास गेला होता. साबण नाकाला लावून बघायचो आणि हसायचो, आतून घाबरलेले. एका सकाळी मी वरणाला फोडणी घातली आणि हिंगाचा वास आला. आधी हिंग, मग मोहरी, मग कढीपत्ता, एकामागून एक, जसे गावाहून पाहुणे यावेत. मी पळी हातात घेऊन रडत बाहेर आले आणि तुला म्हणाले, आला, वास आला. तू पलंगावर बसला होतास. माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालास, 'हो, मलाही आला.' मी तुझ्या गळ्यात पडले. तेल तुझ्या बनियनवर सांडलं. तो डाग अजून आहे.

आला नव्हता ना रे?

मी परवा एसटीत बसल्याबरोबर रामरावभाऊजींना फोन लावला. आडून विचारलं नाही, सरळच विचारलं. ते म्हणाले, 'वहिनी, मले वाटलं तुमाले मालूम आहे. आता काय सांगू? हाटेलात पह्यला घास मीच घेतो ना. धने भाजलेले हायेत का कच्चे, तूप खरं हाय का डालडा, मी सांगतो, मंग तो लिवतो.' मी विचारलं, खमंग हा शब्द का नाही लिहीत? तर म्हणाले, 'नाई लिवत. म्हणते, जे मले कळत नाई ते मी वाचणाऱ्याले सांगणार नाई. तेवढं खोटं नाई बोलत तो, वहिनी.'

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि काही दिसत नव्हतं. वाचकांशी एवढा प्रामाणिक! रविवारी सकाळी पेपर चाळून त्यावर पोहे खाणाऱ्या लोकांशी तुला खोटं बोलवत नाही. एका शब्दाचंसुद्धा नाही. आणि ज्या बाईने रोज दोन वेळा तुझ्यापुढे ताट ठेवलं तिच्याशी इतकी वर्षं खोटं बोललास. तू म्हणशील, तुझा आनंद मोडवला नाही. त्या एका सकाळपुरतं मी ते मान्यही करीन. पण दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. महिन्याने सांगता आलं असतं. मी क्लासची फी भरायला पर्स शोधत होते आणि तू मला ती काढून दिलीस, त्या दिवशी तर नक्कीच सांगता आलं असतं. खवय्या म्हणून अकोल्यात तुला लोक ओळखतात, त्या खवय्याला वास येत नाही हे फुटलं तर लाज जाईल, ही भीती मला समजते. पण लाज तुझी आणि शिक्षा माझ्या हातांना, हे कुठलं रे? नाकाच्या डॉक्टरकडे तू एकटा जाऊन आलास, तेही भाऊजींकडूनच कळलं. त्याने म्हणे सांगितलं, येईल कदाचित, नाही कदाचित. ते 'नाही कदाचित' तू एकट्याने घेऊन घरी आलास, माझ्यासमोर जेवायला बसलास आणि मीठ मागितलंस.

आता दुधाचं सांगते, कारण ते तुला अजूनही माहीत नाही. मंगळवारी मी भाजी घेऊन परत आले तेव्हा जिन्यातच वास आला. पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचले तर डोळे चुरचुरायला लागले. मी चपला न काढता आत धावले. दूध उतू जाऊन आच विझली होती, बटण चालूच होतं, गॅस किती वेळ सुटत होता देव जाणे, खिडक्या बंद. आणि तू ओट्याशी उभा, एका हातात चहाचं भांडं, दुसऱ्या हातात लायटर. 'दूध उतू गेलं, विझला वाटते. थांब, पेटवतो.' असं म्हणून तू लायटर बर्नरपाशी नेलास. मी तुझ्या हातावर जो फटका मारला तो तुला अजून दुखत असेल. दुखू दे. तू म्हणालास, 'पागल झाली काय? दूधच तं उतू गेलं!' मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तर म्हणालास, 'एवढं काय गरम होऊन राहिलं तुले?' त्या वासात उभा राहून, नितेश. मी तुझ्याकडे पाहत होते, आणि तू फडकं घेऊन दूध पुसत होतास, गुणी मुलासारखा, मी दुधासाठी रागावले आहे असं समजून. म्हणून मी रेग्युलेटर घेऊन आले. तुला शिक्षा म्हणून नाही. तू त्या घरात एकटा असताना मला रात्री झोप लागावी म्हणून. जावयाने आपल्या अकोल्याच्या घरासाठी गॅसचा अलार्म आणून ठेवला आहे, गॅस सुटला की तो कर्कश ओरडतो. प्राजक्ता म्हणते, आवाज अगदी आईसारखा आहे. शनिवारी तू इथे ये. घरात पाऊल टाकण्याआधी दारातच, प्राजक्तासमोर, विनोद न करता म्हण, 'सीमा, मला वास येत नाही.' एवढंच वाक्य. माफी नको, कारण नको. ते म्हणालास तर मी आत जाऊन गोळाभात टाकीन, वरून हिंग-मोहरीची फोडणी ओतीन आणि ताटाशी बसून कशाचा वास येतोय ते तुला एकेक करून सांगेन, भाऊजींपेक्षा नीट. मीठ चव घेतल्यावर मिळेल. आणि खमंग झालाय की नाही, ते यापुढे मी सांगायचं आणि तू लिहायचं.

तुझीच,
(अजून तरी)
सीमा