बोलायचं नाही, या अटीवर

प्रिय बारके,

एकाच घरात राहून, मधे एक दार असताना, पत्र लिहायला बसलोय म्हटल्यावर तुझ्या आईला आधी हसू आलं, मग रडू. चार दिवस तू दाराबाहेरचं ताट आत घेतेस आणि अर्धं तसंच परत ठेवतेस. हाक मारली की "बरी आहे" एवढंच. म्हणून हे.

कॉपीचा ठपका ठेवणारी ती नोटीस आल्यापासून मी कुठे कुठे गेलो, ते तुला सांगितलंच नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला विद्यापीठातलं काय कळणार? अर्ध्या दिवसाची रजा टाकून वकिलाकडे गेलो. त्याने नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "काका, शिस्तपालन समितीपुढे वकील चालत नाही. पालकाला सोबत बसता येतं, पण तोंड उघडायचं नाही." विद्यार्थी मदत केंद्रातल्या बाई भल्या. त्यांनी नियमांची पानं काढून दिली, कामाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. त्यांच्याही हातात तेवढंच होतं.

सुनावणीला मी तुझ्या डाव्या हाताला बसलो होतो. समोर तिघे, टेबलावर तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची उत्तरपत्रिका शेजारी शेजारी. अध्यक्षबाई म्हणाल्या, "उत्तर बरोबर असतं तर आम्ही समजलो असतो. दोघींची चूक एकसारखी कशी?" तू म्हणालीस, "आम्ही एकत्र अभ्यास केला. मीच तिला तसं शिकवलं होतं, चुकीचं." एक जण गालातल्या गालात हसला. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. बारके, तुम्हा दोघींना स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने ती गणितं मांडताना मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाय पडून ती पुसतील म्हणून पाणी प्यायलाही आत आलो नव्हतो. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. मी हात वर केला, तर कारकून म्हणाला, "पालकांनी शांत बसायचं." आणि मी बसलो. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं ओढून काढणारा मी, मिठाची गुळणी धरून बसलो. तुम्हा दोघींचं वर्ष गेलं, आणि मी तुझी पिशवी धरून जिना उतरलो.

पण घरी येऊन तू दार लावून घेतलंस ते त्यामुळे नाही, हे मला ठाऊक आहे. नोटीस आली त्या संध्याकाळी मी तुला विचारलं होतं, "खरं सांग, केलंस का?" समितीच्या आधी मी विचारलं. सगळं डोळ्यांनी पाहूनही विचारलं. का, ते माझं मलाच सांगता येत नाही. घाबरलो होतो, एवढंच. या पत्रासोबत अपिलाचा अर्ज दाराखालून सरकवतोय. शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा आहे. फार आशा धरू नका, असं मदत केंद्रातल्या बाई म्हणाल्या. मी जे पाहिलं ते लिहून जोडलंय. बापाच्या शब्दाला तिथे किती वजन, देव जाणे. फक्त तुझी सही राहिलीय. नसेल करायची तर करू नकोस. पण दार तेवढं उघड. मी बाहेर स्टुलावर बसलोय, आणि काही म्हणजे काही विचारणार नाही.

तुझाच, चुकलेला,
बाबा