मागं बघायचं न्हाई

३ नोव्हेंबर
मिरचीनं आज तीन उड्या झकास मारल्या. फळीवरनं बी नीट उतरली. बोगद्यात घुसली, भाईर आली, आन तिथंच बाजूला सरकून उभी ऱ्हायली. बोगद्याच्या तोंडाकडं बघत. कुनाला तरी वाट दिल्यावानी. मी म्हनलं, चल की गं भवाने. हालली न्हाई.
हवालदार बांधावरनं म्हनाले, "वहिनी, तुमी कुठं बघताय?"
म्हनलं, कुत्रीकडं.
"कुत्री पुढं हाय. तुमी मागं बघताय."
ही वही त्यांनीच दिली. फौजेत कुत्र्याची रोजची वही असती म्हनं, काय खाल्लं, काय केलं, काय चुकलं. सगळी नोकरी त्यांनी कुत्रीच शिकवली. मी चौथीपातुर गेलेली, येतंय तसं लिवनार. हवालदार लिवायला लांब पडतं, नुसतं ह. लिवीन.
खानं - दूधभाकरी, अंडं एक. चूक - माझी, असं ह. म्हनत्यात.

४ नोव्हेंबर
काठ्यातनं नागमोडी पळवली. दोन काठ्या चुकली. बोगद्यापाशी परत तेच. खानं तेच.

६ नोव्हेंबर
ह. नी आज सपष्ट सांगितलं. जानेवारीत सांगलीला कुत्र्यांच्या अडथळ्याची स्पर्धा हाय. तितं मिरची एकदा तरी सगळं न चुकता पळाली पायजे. पळाली तर कुत्री कायमची माझी. न्हाई तर ते परत नेनार. त्यांच्याच रानी कुत्रीचं पिल्लू हाय ते, चैतात दारात सोडून गेलते.
म्हनाले, "असली कुत्री दाराला बांधून वाया घालवू देनार न्हाई. तिला पळायला पायजे. तुमाला न्हाई जमलं तर जमनाऱ्याला दीन."
म्हनलं, द्या की.
घरी निघाले. मिरची आपली पुढं उड्या मारत. तिला काय ठावं.

९ नोव्हेंबर, रविवार
मालक साताऱ्यासनं आले काल. कंपनीला सुट्टी. रानात येऊन बोगद्याच्या पिपांवर बसून बघत हुते. म्हनाले, "सर्कस काढायची का? मला बी घ्या, मी तिकिटं फाडतो." ह. म्हनाले, "तुला कशाला, माकड हाय आमच्याकडं." दोघं हसत्यात. मला हसू न्हाई आलं.
ह. नी समजावून सांगितलं ते लिवून ठिवते. कुत्री तोंडाचं ऐकत न्हाई, अंगाचं ऐकती. मान मागं फिरली की खांदा फिरतो. खांदा फिरला की कुत्री फिरती. मिरची बोगद्यातनं भाईर येती तवा माझं अंग मागल्या तोंडाकडं असतं. मंग ती बी तिकडं बघती.
"मागं काय हाय तुमचं?" म्हनाले.
म्हनलं, काय न्हाई.

१० नोव्हेंबर
हाय.
वही माझी हाय, हितं खोटं कशाला लिवू. बोगदा ह. नी निळ्या पिपांचा केलाय, बुडं कापून एकाला एक जोडल्यात. आत कुत्रं पळालं की धाडधाड वाजतं. मिरचीचे चार पाय मला वळकू येत्यात. ती भाईर येती, आन मागनं अजून एक आवाज येतो. सावकाश. दन, दन, दन, मंग थोडं थांबून घासल्यावानी. तीन पायाचा.
आमचा आदला कुत्रा भुऱ्या डाव्या मागच्या पायानं खुरडायचा. ल्हान असताना मेंढ्यानं धडक दिलती.

११ नोव्हेंबर
भुऱ्याचं एकदाच लिवते आन मोकळी हुते.
गेल्या पौषात वडूजच्या रस्त्याला मेंढरं पलीकडं नेत हुते. मी पुढं, भुऱ्या कायम शेवटाला, मागनं हाकत. मेंढरं सगळी पार झाली. मी चालता चालताच हाक मारली, ये रं. मागं बघितलं न्हाई. धा वर्सं कवा बघितलं न्हाई, बघायला लागायचंच न्हाई. तो हाकंला आला. उसाची ट्रॉली बी आली.
मी हाक मारली म्हनून आला. न्हाई तर तो रस्त्याच्या कडंला बसून ऱ्हायचा, लय शाना हुता.
मेंढरं चैतात इकली.

१३ नोव्हेंबर
पाऊस न्हाई, काय न्हाई, तरी पिपं आतनं वली हुती. ह. म्हनाले दव. असंल.

१६ नोव्हेंबर
आत्याबाईंनी आज तोंड उघडलं. सासूचं माझ्या एक बरं हाय, वरीसभर गप बसत्यात आन मंग एकदाच बोलत्यात. चुलीपाशी बसून मिरचीकडं बघत हुत्या. मिरची दारातनं आत येताना उंबऱ्याला थांबती, बाजूला हुती, मंग आत येती. रोज. मी म्हनायची शिस्त हाय.
आत्याबाई म्हनाल्या, "थोरल्याला आधी सोडती ती."
म्हनलं, कोन थोरला?
"तुला ठावं हाय. माती दिल्यावर मागं बघत न्हाईत. तू बघितलंस. मी सांगत हुते तुला, सरळ चल म्हनून. बांधावर जाऊन वळलीस. जानाऱ्याला वाटलं बोलावतीया."
म्हनलं, कुत्र्याला कुठं असतंय ते सगळं.
"मंग मानसाला तरी कशाला असतंय?" म्हनाल्या आन भाकरी थापायला लागल्या.
रस्त्याला बघायचं हुतं तवा बघितलं न्हाई. बघायचं न्हवतं तवा बघितलं. असं हाय माझं.

२१ नोव्हेंबर
पाच वेळा पळवली. पाच बी वेळा वळले. मान माझी, पन माझ्या हातात न्हाई. ह. चिडले. "वहिनी, फौजेत असता तर पाठीवर वझ्याचा पिठ्ठू घालून ग्राउंडला दहा चकरा मारायला लावल्या असत्या." म्हनलं, लावा. चिडून मीच दोन मारल्या. मिरचीला वाटलं खेळ हाय, तिनं पाच मारल्या.

२४ नोव्हेंबर
सकाळी पान्याला गेले तवा सुचलं. नळ चार दिवस बंद, हिरीवरनं हंडा आनत हुते. मागनं सखूची सून हाक मारत हुती, मी नुसती व्हय म्हनत सरळ चालले. डोईवर हंडा असला की मागं बघताच येत न्हाई. बघितलं की गेला हंडा. लग्न झाल्यापास्नं ही मान अशीच चाललीया.
हंडा घिऊनच रानात गेले.
ह. म्हनाले, "हे काय?"
म्हनलं, गप बघा.
अर्धा हंडा पानी. एका हातानं धरला, एका हातानं मिरचीला दाखवलं. पळता येत न्हाई, पन झपाझप चालता येतं. उडी, उडी, फळी, बोगदा. धाडधाड झालं. मागनं ते दुसरं बी झालं. माझी मान हंड्याखाली तटली. मिरची भाईर आली, माझ्याकडं बघितलं आन सरळ काठ्यात घुसली.
ह. म्हनाले, "हे पुस्तकात न्हाई."
म्हनलं, तुमचं पुस्तक लिवनाऱ्यानं पानी भरलं नसंल.

२८ नोव्हेंबर
सगळ्या वस्तीला खेळ झालाय. बांधावर बाया येऊन बसत्यात. सखू म्हनती, "मंदे, कुत्रीच्या डोक्यावर बी एक तांब्या दे." देते म्हनलं, तू आधी उडी मारून दाव.
चूक - न्हाई. पैल्यांदा लिवतीय हे.

५ डिसेंबर
हंडा रिकामा केला. तरी जमलं.
आज हंडा न घेता एकदा. वळले.

७ डिसेंबर, रविवार
आत्याबाई मागंच लागल्या म्हनून औंधाला गेले. मालक, मी, मिरची. यमाईच्या पायऱ्या चढताना मिरची दर पाच-सहा पायऱ्यांनी थांबायची, कडंला हुयाची. मालक म्हनाले दमली. दमनारी हाय का ती. खुरडनाऱ्याला पायऱ्या जड जात्यात.
आत्याबाईंनी शिकवून धाडलं हुतं. आईला म्हन, माझं चुकलं, त्याला माघारी घे. उभी ऱ्हायले. नारळ दिला. हळदकुकू वाह्यलं. तेवढंच म्हनायचं ऱ्हायलं. तोंडातनं निघना. मागनं रांग ढकलाय लागली तशी भाईर आले.
घरी विचारलं, म्हनलीस का? व्हय म्हनलं.

१५ डिसेंबर
हंड्याशिवाय तीनातनं एकदा जमतंय. ह. म्हनत्यात सांगलीला हंडा चालनार न्हाई, परीक्षक भाईर काढतील. परीक्षकाला मला भाईर काढायला हंडाच दिसतोय व्हय, म्हनलं. पन त्यांचं खरं हाय.

१९ डिसेंबर
ह. नी एकदा मला बसवलं आन सोता मिरचीला पळवलं. कशी पळाली. एक दीड मिन्टात सगळं. बोगद्यातनं बंदुकीतल्या गोळीवानी आली, थांबली बी न्हाई. ह. च्या मागं कोन न्हाई, मंग थांबंल कशाला.
येऊन परत माझ्याच पायाशी बसली.
तवा मला खरं भ्या वाटलं. ही त्यांच्याकडं गेली तर बरंच हुईल तिचं.

२ जानेवारी
चुंबळ. हंडा न्हाई तर नुसती हंड्याखालची फडक्याची चुंबळ. पदराखाली डोईवर ठिवली, वरनं पदर गच्च घेतला. डोक्याला वाटतं वर हंडा हाय. पाचातनं चारदा जमलं. ह. ला सांगितलं न्हाई. कळलं असंल, मिशीत हसत हुते.

८ जानेवारी
मिरचीचा पाय थोडा सुजलाय. हळद लावली. दोन दिस बंद. पिपांपाशी जाऊन उगंच बसले सांजच्याला. कुत्रं न्हाई, वारं न्हाई. मी पिपावर हात आपटला, दन. बस तेवढंच वाजलं.

११ जानेवारी, रविवार
सांगली. ह. च्या मेव्हन्याच्या गाडीतनं गेलो. मैदानावर शंभरेक मानसं, कुत्री चांगली चांगली, पट्ट्यावर नाव असलेली. बाया पन, प्यांटी घातलेल्या, बुटं. मी लुगड्याचा काष्टा मारून. एक पोरगी म्हनाली, काकू किती गोड कुत्री हाय. म्हनलं, गोड न्हाई, मिरची.
मंग बोगदा बघितला. कापडाचा. पिवळा, तारेच्या कड्या घातलेला. खाली गवत. हात लावून बघितला, मऊ. आत कोन बी गेलं तर आवाज येनार न्हाई.
नंबर आला. चुंबळ पदराखाली. ह. म्हनाले, "वहिनी, फक्त पुढं."
शिट्टी झाली. चल म्हनलं. उड्या चार. फळी. काठ्या. बोगद्यात घुसली. मी पळत ऱ्हायले. कान मागं लावले, काय न्हाई. नुसतं मानसांचं वरडनं. भुऱ्या आत हाय का, तोंडाशी उभा हाय का, का तिकडं गाडीपाशीच ऱ्हायला, काय कळायला मार्ग न्हाई. एवढी मान कवा दुखली न्हाई. न्हाई वळले. मिरची डाव्या अंगाला आली, माझ्या पुढं गेली, शेवटच्या दोन उड्या आन भाईर.
एक बी चूक न्हाई. नंबर न्हाई आला, टायम जास्त लागला. ह. नी तोंड फिरवून डोळं पुसलं आन म्हनाले धूळ लय हाय मैदानात.
येताना गाडीत मिरची माझ्या मांडीवर. शेजारची जागा मोकळी हुती, ती तिकडं सरकली, पाय पसरून झोपली. आजवर कवा पसरली न्हाई. कडंलाच असायची.

१२ जानेवारी
दारातनं सरळ आत आली. उंबऱ्याला थांबली न्हाई. आत्याबाईंनी बघितलं, माझ्याकडं बघितलं. दुपारी गुळाचा शिरा केला त्यांनी, सन न्हाई वार न्हाई.

१४ जानेवारी
संक्रात. बाया आल्या, मिरचीला बी तिळगूळ दिला. खाऊ नये कुत्र्यानं, पन खाल्ला.

१५ जानेवारी
रानात गेलो. हंडा न्हाई, चुंबळ न्हाई. पिपांच्या बोगद्यात घातली. धाडधाड. चार पाय. भाईर. मी मुद्दाम वळून उभी ऱ्हायले, मागल्या तोंडाकडं बघत. धा वेळा घातली. चार पाय. चार पाय. मिरची बी कटाळली, माझा पदर धरून वढायला लागली.
सांगलीसनं माघारी यायचा रस्ता भुऱ्याला ठावा न्हाई. मोटारीत तो कवा बसला न्हाई. गर्दीला भ्यायचा.

१७ जानेवारी
ह. आले चहाला. मालक हुते. ह. म्हनाले, "बोलल्याप्रमानं कुत्री तुमची. आता पुढच्याची तयारी करूया. बरं वाटलं का न्हाई?"
म्हनलं, वडूजवरनं सांगलीला येष्टी किती वाजता हाय?
म्हनाले, "आता कशाला? मैदान मोकळं झालं. बोगदे, फळ्या सगळं उचलून नेलं त्यांनी."
म्हनलं, माझं एक ऱ्हायलंय तितं.
मालक म्हनाले, "काय ऱ्हायलं? चुंबळ तर आनलीस की."
मी कपबश्या उचलल्या. ह. नी माझ्याकडं बघितलं. चिडत्याल वाटलं. मंग म्हनाले, "सव्वासहाला एक हाय. कुत्रीला घेत न्हाईत येष्टीत. मी ठिवतो तिला तेवढा दिस."
म्हनलं, न्हाई. ती बी येनार. बोगद्याचं तोंड नेमकं कुठं हुतं, तिला दावता येईल. मला येनार न्हाई. मी मागं बघितलंच न्हाई.